काळा घोडा

खळीत मोरचूद घातलं की झुरळं पान खात नाहीत.
हे मला येतं. व्याकरण येत नव्हतं.
समास म्हणाल तर एकच ठाऊक:
पानाच्या कडेची कोरी पट्टी,
कापताना जिला धक्का लावायचा नाही.

फोर्टातल्या त्या वाचनालयात मी पुस्तकांचे कणे शिवायचो
आणि खिडकीखाली स्यावक्ष घडियाली, वय ब्याऐंशी,
भिंग धरून शब्दांचे टाके उसवायचे.

"माझंच नाव घे," म्हणाले एकदा.
"श्याव म्हणजे काळपट.
पुढचं पद झिजलंय फार, पण त्यात एक नर घोडा होता.
ज्याचे घोडे काळे, तो मी.
तुमच्या वेदात एक ऋषी आहे, श्यावाश्व.
भाषा दोन, तबेला एकच."
मग खिडकीबाहेर भिंग रोखून:
"आणि हा चौक."

चौकात तेव्हा घोडा नव्हता.
स्वारासकट उचलून त्याला राणीच्या बागेत नेलेलं.
कंडक्टर तरी ओरडायचे, काळा घोडा, चला काळा घोडा.
"बरोबर ओरडतात," म्हणाले.
"चौक काळा नाही. चौक घोडा नाही.
दोन शब्द चिकटतात एकमेकांना
आणि बोट दाखवतात तिसऱ्याकडे,
जो त्या दोघांत कुठंच नसतो."

बोटावरून सांगायचं तर
माझ्या उजव्या अंगठ्यापाशी एक जास्त आहे.
हजेरीत लवू मेस्त्री, चाळीत सहाबोट्या.
त्या नावापायी मी एक दात गमावलाय
आणि पुष्कळ वर्षं हात खिशात घालून हिंडलोय.
पण खळ लावताना हात खिशात राहत नाही.
त्यांनी पाहिलं. मी नाव सांगून टाकलं, आधीच चिडून.
म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला.
"अरे, बहुव्रीही!
तू सहा नाहीस, तू बोट नाहीस.
ज्याला सहा बोटं, तो.
बहुव्रीही तरी काय? ज्याच्या घरी भात फार, तो.
नियमाचं नावच नियमाचं उदाहरण."
चाळीत हे कुणाला सांगणार?

उन्हं टेबलावर आली की त्यांना बोलायला चढायचं.
राजपुत्र म्हणताना शेवटी टिचकी मारायचे: राजाचा मुलगा.
तीच टिचकी पहिल्या अक्षरावर:
ज्याची मुलं राजे झाली, तो बाप.
एका टिचकीत घरच बदलायचं.
विशेषणं म्हणे तेव्हा वेगळी जात नव्हती,
नामांसारखीच चालायची,
फक्त बँडवाल्यांसारखी, ज्याची वरात त्याचा कोट.
आणि ऋज्र, म्हणजे चपळ,
समासात शिरताना आपला र दाराशी काढून ठेवतो,
इ घालून आत जातो: ऋजिश्वन्,
ज्याचे कुत्रे चपळ.

मी खळ ढवळत म्हटलं, आमचा घोडाही तसाच की.
दौडीत शिरताना काना बाहेर ठेवतो. घोडदौड.
पाणीसुद्धा. पाणकोंबडी.

भिंग खाली आलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग वहीत उतरवून घेतलं,
आणि कडेला, बारीक अक्षरात: लवू मेस्त्रीकडून.

ती वही त्यांच्या भाचीनं पावसाळ्यानंतर आणून दिली.
बांधून द्या म्हणाली, कपाटात नीट राहील.
कातरयंत्राखाली गठ्ठा सरळ केला
तर नाव नेमकं पात्याखाली येत होतं.
यंत्र बंद केलं.
त्या वहीची एक कड अजून ओबडधोबड आहे,
बघणाऱ्याला वाटेल, कारागीर कच्चा.
कण्याच्या आत, जिथं कुणी उसवल्याशिवाय पाहणार नाही,
पेन्सिलीनं लिहिलंय सहाबोट्या.
टिचकी कुठल्या अक्षरावर मारायची ते विचारायचं राहिलं.

चौकात आता घोडा परत आलाय, नवा.
पाठीवर कुणी नाही.
पोरं त्याच्यापाशी फोटो काढतात,
आणि मी चहाला उतरलो की
एकदा वर, त्या मोकळ्या पाठीकडे बघतो.